सिलिकाचा पृष्ठभाग जलविकर्षक कसा करावा: खाडीकाठच्या दमट हवेतील सिलेनप्रक्रिया

दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात रंग, रबर, औषधे आणि त्यांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा शेजारी-शेजारी आहेत, आणि यांपैकी बऱ्याच ठिकाणी पाणी न धरणारी सिलिका या ना त्या रूपात लागते. रंग घट्ट ठेवण्यासाठी ती लागते, अग्निशामक भुकटीचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून लागते, मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या सी-१८ स्तंभात (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या सिलिकाच्या) तर तीच मुख्य भरण असते; आणि प्रथिनासारखा नमुना काचेच्या कुपीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून कुपीच्या आतील बाजूवरही पृष्ठभाग जलविकर्षक करण्याची हीच प्रक्रिया करावी लागते. प्रक्रियेची कृती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. तिच्यात बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे प्रयोगशाळेतील हवा कोरडी आहे. रबाळे किंवा महाप्याच्या गाळ्यात जुलै महिन्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना तीच कृती जशीच्या तशी केली, तर काचेवर पांढरट थर बसतो किंवा भुकटी पाण्यात बुडते. म्हणून येथे या प्रक्रियेकडे पाण्याच्या हिशेबाच्या अंगाने पाहिले आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि लहान उद्योगांतील रसायनतज्ज्ञ यांच्यासाठी हे लिखाण आहे. फ्यूम हूड (वायू बाहेर ओढून घेणारे कपाट), चष्मा, हातमोजे आणि जबाबदार व्यक्तीची देखरेख यांपैकी एकही नसेल, तर खालील कोणतीही कृती करू नये.

पृष्ठभागावर काय असते

सिलिकाच्या पृष्ठभागावरील सिलिकॉन अणूंना ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट जोडलेले असतात. त्यांना सिलॅनॉल म्हणतात. पूर्णपणे जलयोजित सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला साधारण ४.६ ते ५ सिलॅनॉल गट असतात. हे गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध करतात आणि त्यामुळे सिलिका पाणी ओढून घेते. जलविकर्षक करणे म्हणजे या गटांतील हायड्रोजन काढून त्याजागी असा सिलिकॉन बसवणे, ज्याची बाहेरची बाजू मिथाइल किंवा लांब अल्किल साखळीने झाकलेली आहे. असा सिलिकॉन पुरवणाऱ्या रसायनांना येथे सिलेन म्हटले आहे. नवा बंध सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा सहसंयुज असल्याने तो पुसून किंवा विद्रावकाने धुऊन जात नाही. मेणाचा किंवा तेलाचा हात फिरवणे आणि ही प्रक्रिया यांतला खरा फरक हाच आहे.

सगळेच सिलॅनॉल गट मात्र झाकले जात नाहीत. ट्रायमिथाइलसिलिल गट आकाराने मोठा असतो. एका गटाला साधारण ०.४३ चौरस नॅनोमीटर जागा लागते, त्यामुळे दर चौरस नॅनोमीटरला असे दोन-अडीच गटच मावतात. उरलेले सिलॅनॉल त्यांच्या छत्रीखाली तसेच राहतात. पाण्याचा थेंब या छत्रीवर थांबतो. पण पाण्याची वाफ आणि अल्कली कालांतराने आत शिरू शकतात, हे टिकाऊपणाबद्दल बोलताना लक्षात ठेवावे लागते.

तापमानाचाही येथे संबंध आहे. सिलिकाला नुसते चिकटलेले पाणी १२० ते १५० अंश सेल्सिअसला निघून जाते. तापमान २०० अंशांच्या बरेच पुढे नेले तर शेजारचे सिलॅनॉल एकमेकांशी जोडले जाऊन सिलॉक्झेन (सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन) बंध तयार होतात, आणि सिलेनला धरायला हवे असलेले गटच कमी होतात. चांगले कोरडे व्हावे म्हणून सिलिका भट्टीत ५०० अंशांवर भाजणाऱ्याने पाणी तर घालवलेले असतेच, पण त्याबरोबर प्रक्रियेची बरीचशी जागाही घालवलेली असते.

सिलेनची निवड

येथेच निम्मे यश किंवा अपयश ठरते, म्हणून या भागावर थोडा वेळ घालवणे योग्य आहे. सिलेनच्या सिलिकॉनवर पाण्याशी किंवा सिलॅनॉलशी अभिक्रिया करणारे गट किती आहेत, हा पहिला प्रश्न विचारावा. एकच असेल, तर तो रेणू पृष्ठभागाशी एकदाच जोडला जातो किंवा पाण्याशी अभिक्रिया करून वाया जातो. तिसरा मार्ग त्याच्याकडे नसतो. तीन असतील, तर ओलावा मिळताच ते रेणू एकमेकांना जोडून जाळे तयार करतात, आणि हे जाळे पृष्ठभागावर सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात बसते.

पहिल्या प्रकारात ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन आणि हेक्सामिथाइलडायसिलॅझेन ही दोन रसायने येतात. पहिल्याचा उत्कलनबिंदू ५७ अंश आहे आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, जो दमट हवेत धूर होऊन श्वासनलिका आणि लोखंडी उपकरणे दोन्ही खातो. दुसऱ्याचा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या आसपास असून त्यातून अमोनिया निघतो. एका रेणूतून दोन ट्रायमिथाइलसिलिल गट मिळतात. दुसऱ्या टोकाला ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचा सुमारे अडीच नॅनोमीटर जाडीचा सुबक एकरेणवीय थर बसतो. परंतु त्या थरासाठी पाणी अगदी मोजून लागते, अजिबात नसले तरी चालत नाही आणि जास्त झाले तर थर ढगाळतो. मध्ये मिथाइलट्रायमेथॉक्सिसिलेन, ऑक्टिलट्रायएथॉक्सिसिलेन यांसारखे अल्कॉक्सिसिलेन आहेत, ज्यांतून मिथेनॉल किंवा इथेनॉल बाहेर पडते आणि ज्यांची अभिक्रिया संथ असते.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागात, ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) नसलेल्या प्रयोगशाळेत, सुरुवात हेक्सामिथाइलडायसिलॅझेननेच करावी. त्याची चूक सौम्य असते. पाणी राहून गेले तर तयार होणारे हेक्सामिथाइलडायसिलॉक्झेन सुमारे १०० अंशांना उकळणारे, सहज उडून जाणारे द्रव आहे; रसायन वाया जाते, पण पृष्ठभाग बिघडत नाही आणि प्रक्रिया पुन्हा करता येते. ट्रायक्लोरोसिलेनची चूक काचेला कायमची चिकटते.

फ्लोरिनयुक्त सिलेनचा मोह टाळावा. पाण्यासाठी त्यांची गरज नसते, ती तेल दूर ठेवण्यासाठी लागतात, आणि ही संयुगे पर्यावरणात फार काळ टिकून राहतात. टेट्रामेथॉक्सिसिलेनचाही येथे उपयोग नाही. त्याची वाफ डोळ्यांच्या पारपटलाला गंभीर इजा करते, म्हणून कपाटात नाव साधर्म्य असलेल्या बाटल्या असतील तर लेबल दोनदा वाचावे.

पाण्याचा हिशेब

समजा १० ग्रॅम सिलिका जेल घ्यायचे आहे आणि त्याचे पृष्ठफळ प्रतिग्रॅम ३०० चौरस मीटर आहे. एकूण पृष्ठफळ ३,००० चौरस मीटर झाले. दर चौरस मीटरवर जास्तीत जास्त ४.५ मायक्रोमोल ट्रायमिथाइलसिलिल गट बसतात असे धरले, तर १३.५ मिलिमोल गट हवेत, म्हणजे हेक्सामिथाइलडायसिलॅझेन ६.७५ मिलिमोल, वजनाने १.१ ग्रॅमच्या आसपास. व्यवहारात याच्या अडीच ते तीन पट, म्हणजे ३ ग्रॅम किंवा सुमारे ४ मिलिलिटर घेतात.

आता पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यातील तेच जेल घ्या. सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या २० टक्के पाणी सहज शोषते. १० ग्रॅममध्ये २ ग्रॅम पाणी म्हणजे १११ मिलिमोल, आणि पाण्याचा प्रत्येक रेणू हेक्सामिथाइलडायसिलॅझेनचा एक रेणू खातो. एवढे पाणी संपवायलाच १८ ग्रॅम रसायन लागेल; आपण घातलेले ३ ग्रॅम पृष्ठभागापर्यंत पोहोचणारच नाही. ओल्या टोल्यूइनमधून येणारे पाणी या मानाने थोडे असते, १०० मिलिलिटरमध्ये चाळीस-पन्नास मिलिग्रॅम इतके. तरी तेही दोन-तीन मिलिमोल भरते आणि दुर्लक्ष करण्याजोगे नसते.

म्हणून कोरडे करण्याचे काम आदल्या दिवशी सुरू करावे. टोल्यूइनमध्ये ३ अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळणीचे मणी १० ते २० टक्के या प्रमाणात टाकून बाटली घट्ट बंद करून किमान २४ तास ठेवावी. मणी त्याआधी २५० ते ३०० अंशांवर तापवून, बंद जागेत थंड केलेले असावेत. सोडियम धातूने टोल्यूइन कोरडे करण्याची जुनी पद्धत या कामासाठी अनावश्यक आणि धोकादायक आहे. सिलिका १५० अंशांवर रात्रभर ठेवावी, शक्य असल्यास निर्वात ओव्हनमध्ये. ती गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) न्यावी आणि तेथून थेट चंबूत घालावी. ओव्हनमधून काढलेली सिलिका टेबलावर थंड होऊ दिली, तर रात्रभराची मेहनत बऱ्याच अंशी वाया जाते.

काचपट्टी आणि कुप्या: वाफेची पद्धत

काच प्रथम तटस्थ डिटर्जंटने धुवावी, नळाच्या आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळावी. स्वच्छ काचेवर पाण्याचा पातळ, अखंड पडदा बसतो; पडदा कुठे फाटला तर तेथे तेलकट डाग आहे असे समजावे आणि पुन्हा धुवावे. अतिनील-ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्माची सोय असेल तर ती उत्तम. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन परॉक्साइडच्या मिश्रणाने धुण्याची शिफारस अनेक कृतींत असते, पण हे मिश्रण सेंद्रिय विद्रावकाच्या अंशाशीही स्फोटक अभिक्रिया करते, आणि साध्या काचपट्टीसाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

धुतलेली काच ११० ते १२० अंशांवर एक तास वाळवावी आणि डेसिकेटरमध्ये थंड करावी. मग निर्वात डेसिकेटरमध्ये काचपट्ट्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना वाफ लागते. तळाशी लहान काचेच्या वाटीत १ मिलिलिटर हेक्सामिथाइलडायसिलॅझेन ठेवावे, थोडा वेळ निर्वात पंप लावून हवा काढावी, तोटी बंद करावी आणि रात्रभर, म्हणजे १२ ते २४ तास, तसेच राहू द्यावे. हे सगळे फ्यूम हूडमध्येच करावे. हे द्रव खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकणारी वाफ सोडते, म्हणून ते साध्या विजेच्या ओव्हनमध्ये कधीही ठेवू नये. डेसिकेटर उघडताना अमोनियाचा वास येतो. तो येणे हे अभिक्रिया झाल्याचे लक्षण आहे, मात्र ओल्या काचेवरही येतो, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये. शेवटी काच टोल्यूइनने, मग इथेनॉलने खळबळून, विद्रावक हूडमध्ये उडू देऊन, १०० अंशांवर अर्धा तास ठेवावी.

भुकटी आणि जेल: द्रावणातील पद्धत

तीन तोंडांच्या चंबूत कोरडे सिलिका जेल १० ग्रॅम आणि कोरडे टोल्यूइन १०० मिलिलिटर घ्यावे. कंडेन्सर लावावा आणि नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवावा. बाहेर जाणारा वायू आधी एका रिकाम्या बाटलीतून आणि मग सौम्य आम्ल असलेल्या बाटलीतून न्यावा. रिकामी बाटली मध्ये असली की चंबू थंड होताना आम्ल उलटे आत ओढले जात नाही. ढवळण्यासाठी वरून फिरणारा दांडा वापरावा, कारण चुंबकीय कांडी तळाशी घासून जेलचे कण दळते आणि पुढे गाळणे अवघड होते. हेक्सामिथाइलडायसिलॅझेन ४ मिलिलिटर थेंबाथेंबाने घालावे आणि टोल्यूइनच्या उत्कलनबिंदूवर, म्हणजे ११० अंशांच्या आसपास, ६ ते ८ तास रिफ्लक्स (उकळणे आणि वाफ थंड होऊन चंबूत परत येणे) चालू ठेवावा. पावसाळ्यात कंडेन्सरच्या बाहेरून गळणारे पाणी सांध्यांमधून आत जाऊ नये, यासाठी सांधे नीट बसलेले आहेत ना हे दर तासाला पाहावे; वरवर क्षुल्लक वाटणारी ही बाब येथे फार महत्त्वाची ठरते.

मिश्रण थंड झाल्यावर ब्युकनर फनेलवर गाळावे, टोल्यूइनने दोनदा आणि ॲसिटोनने दोनदा धुवावे. विद्रावकाने ओली भुकटी लगेच ओव्हनमध्ये घालू नये. आधी हूडमध्ये पसरून किंवा निर्वातात कोरडी करावी आणि मग ११० अंशांवर दोन तास ठेवावी. बारीक सिलिका हाताळताना धुळीचा मास्क आवश्यक आहे. क्वार्ट्झची भुकटी वापरत असाल तर तो अपरिहार्यच आहे, कारण स्फटिकमय सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो.

ओलावा वापरून घेणारी पद्धत

मोठ्या आकाराच्या वस्तू, वाळू, मातीची भांडी यांसाठी विद्रावक कोरडे ठेवत बसणे परवडत नाही. तेथे अल्कॉक्सिसिलेन योग्य ठरतात, कारण त्यांना थोडे पाणी लागतेच. ९५ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पाणी यांच्या मिश्रणाचा सामू ॲसेटिक आम्लाने ४.५ ते ५.५ दरम्यान आणावा, त्यात ढवळत २ टक्के ऑक्टिलट्रायएथॉक्सिसिलेन घालावे आणि जलापघटनासाठी अर्धा तास द्यावा. स्वच्छ वस्तू त्यात एक-दोन मिनिटे बुडवून काढावी, इथेनॉलने हलकेच खळबळावी आणि ११० अंशांवर दहा मिनिटे पक्की करावी. खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवूनही थर पक्का होतो असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते, परंतु त्यासाठी आर्द्रता ६० टक्क्यांखाली असावी लागते. ही अट आपल्याकडे हिवाळ्यात कधीमधी पाळता येते. पावसाळ्यात ओव्हनच वापरावा. द्रावण त्याच दिवशी संपवावे, कारण गढूळ झालेले द्रावण काचेवर कणांचा थर सोडते.

ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या बाह्य भिंतींवर फवारले जाणारे सिलेन-सिलॉक्झेन द्रव याच रसायनशास्त्रावर चालतात. ते भिंतीची छिद्रे बुजवत नाहीत, म्हणून आतील वाफ बाहेर पडू शकते. पण त्याच कारणाने ते भेगाही बुजवत नाहीत. भेगा आधी भराव्यात, भिंत वाळू द्यावी, आणि फवारणी पावसाळ्यापूर्वी करावी.

सच्छिद्र, अतिहलक्या सिलिकाकडे वळायचे असेल, तर मिथाइलट्रायमेथॉक्सिसिलेन हाच मूळ कच्चा माल घेऊन सुरुवातीपासूनच जलविकर्षक एरोजेल बनवण्याचा मार्ग आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने या दिशेने केलेले काम जगभर संदर्भासाठी घेतले जाते.

तपासणी

काचेसाठी स्पर्शकोन, म्हणजे पाण्याच्या थेंबाची कड काचेशी करते तो कोन, मोजावा. ३ ते ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवून, मागे पांढरा उजेड करून, मॅक्रो भिंग लावलेल्या मोबाइलने अगदी समपातळीवरून छायाचित्र घ्यावे. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरने कोन काढता येतो. एका पट्टीवर निदान पाच जागी मोजावे. हेक्सामिथाइलडायसिलॅझेनने साध्या काचेवर साधारण ८० ते १०० अंश, आणि ऑक्टाडेसिल थर नीट बसल्यास १०५ ते ११२ अंश मिळतात. निव्वळ रसायनाच्या बळावर सपाट पृष्ठभागावर १२० अंशांच्या पुढे जाता येत नाही. १५० अंशांहून मोठा कोन हवा असेल तर सूक्ष्म खडबडीतपणा लागतो. त्याचे गणित वेन्झेल यांनी १९३६ मध्ये आणि कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडले. म्हणून सपाट काचेवर १४० अंश दिसले, तर आनंद मानण्याआधी पृष्ठभागावर सिलेनच्या गोळ्या बसल्या आहेत का, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे.

भुकटीसाठी पाण्यावर तरंगण्याची चाचणी प्राथमिक आहे. अधिक विश्वासार्ह पद्धत म्हणजे पाण्यात मिथेनॉलचे प्रमाण १०-१० टक्क्यांनी वाढवत जाणे आणि भुकटी कोणत्या प्रमाणाला भिजते ते नोंदवणे. दोन खेपांची तुलना करायला हा आकडा फार उपयोगी पडतो. अवरक्त वर्णपटात ३७४५ प्रति सेंटिमीटरजवळची एकट्या सिलॅनॉलची रेघ नाहीशी झालेली आणि २९६० जवळ मिथाइलची रेघ आलेली दिसली पाहिजे. वर्णपटाची सोय नसल्यास पवईच्या आयआयटी मुंबईतील सैफ या केंद्रात नमुने शुल्क भरून तपासून घेता येतात.

दोष ओळखण्यासाठी काही खुणा उपयोगी आहेत. पांढरट, पुसला जाणारा थर म्हणजे जास्त पाणी आणि बहुगटी सिलेन. कोन जागोजाग वेगळा येत असेल तर काच नीट धुतलेली नव्हती. भुकटी आज तरंगते आणि आठवड्याने बुडते, तेव्हा सिलेन बहुधा नुसते चिकटले होते, जोडले गेले नव्हते. अशा वेळी धुण्याची आणि तापवण्याची पायरी तपासावी. चांगला बसलेला थरही सामू ८ च्या वर फार काळ टिकत नाही, कारण अल्कलीत सिलिकाच विरघळू लागते. साबणाच्या तीव्र द्रावणाने कुप्या वारंवार धुतल्यास प्रक्रिया पुन्हा करावी लागेल.

उरलेले रसायन आणि कचरा

क्लोरोसिलेन कधीही थेट पाण्यात ओतू नये. ते थंड आयसोप्रोपेनॉलमध्ये, ढवळत, थेंबाथेंबाने सोडावे आणि मग सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने उदासीन करावे. अभिक्रिया पूर्ण होऊन वायू थांबल्याशिवाय बाटलीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आतल्या दाबाने ती फुटते. हेक्सामिथाइलडायसिलॅझेनचे उरलेले अंशही अल्कोहोलमध्येच निकामी करावेत आणि क्लोरोसिलेनच्या बाटलीत मिसळू नयेत. टोल्यूइन आणि ॲसिटोनच्या धुवणाला मोरी किंवा नाला हा पर्याय नाही. वसाहतीतील नाले शेवटी ठाणे खाडीलाच मिळतात. हे धुवण हॅलोजनरहित विद्रावकाच्या, लेबल लावलेल्या पिंपात साठवावे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या वाहतूकदारामार्फत तळोज्यातील सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्याची तारीख प्रयोग सुरू करण्याआधीच ठरवून ठेवावी.